जेसीबी सर्वांत शेवटी: दहा-बारा गावांनी मिळून नदीचे काम कोणत्या क्रमाने करावे

मार्च-एप्रिल आला की गावोगाव तोच प्रकार सुरू होतो. कुणी डिझेलचा खर्च उचलतो, कुठून तरी पोकलेन मिळते, नारळ फुटतो आणि नदीचे पात्र उकरायला सुरुवात होते. पहिल्या पावसात खड्ड्यांत पाणी साठते, ड्रोनने फोटो निघतात, सत्कार होतात. दुसऱ्या-तिसऱ्या पावसाळ्यात माळावरची माती वाहून येऊन खड्डे भरतात, काठावर रचलेला ढिगारा पुन्हा पात्रात बसतो आणि खालच्या गावाशी पाण्यावरून वाजते ते वेगळेच. यातल्या कुणाची नियत खोटी नसते. कामाचा क्रम मात्र डोक्यावर उभा असतो.

खाली दिलेला क्रम दख्खनच्या पठारावरच्या लहान नद्यांसाठी आहे. वीस ते चाळीस किलोमीटर लांबी, दहा-पंधरा गावे, पावसाळ्यात दुथडी आणि संक्रांतीनंतर कोरडी, अशी नदी डोळ्यांसमोर ठेवून तो मांडला आहे. कोकणात उतार, पाऊस आणि जांभा खडक सगळेच वेगळे, त्यामुळे तिकडे हे जसेच्या तसे उचलू नका. पहिल्या फेरीला किमान तीन पावसाळे धरा.

## १. आधी पाणलोट, मग गावांची यादी

बहुतेक ठिकाणी उलटे होते. एका आमदाराच्या मतदारसंघातली किंवा एका संस्थेच्या ओळखीची पाच गावे एकत्र येतात आणि त्यांच्या हद्दीतली नदी म्हणजेच नदी असे धरून चालतात. पाणी मतदारसंघ पाहून वाहत नाही.

भारतीय सर्वेक्षण विभागाचा १:५०,००० प्रमाणाचा नकाशा घ्या. त्यावर नदीला मिळणारा प्रत्येक ओढा निळ्या पेन्सिलीने उगमापर्यंत न्या आणि सगळ्यांच्या वरून जाणारी डोंगरधार लाल रेषेने जोडा. या लाल रेषेच्या आत ज्या गावांची जमीन येते ती सगळी तुमची गावे, मग गावठाण नदीपासून सहा किलोमीटर लांब का असेना. भूजल सर्वेक्षण आणि विकास यंत्रणेच्या जिल्हा कार्यालयात पाणलोटाचे नकाशे असतात. तिथल्या भूवैज्ञानिकाला पहिल्याच आठवड्यात भेटा, पुढे तो तुमचा सगळ्यात कामाचा माणूस ठरतो.

नदी फार मोठी असेल तर तिचा एखादा उपओढा उगमापासून संगमापर्यंत पूर्ण निवडा. मधलाच तुकडा निवडला तर वरून येणारी माती आणि घाण दोन्ही तुमच्या हातात राहत नाही.

तपासा: यादीत उगमाजवळचे निदान एक गाव आणि संगमाजवळचे एक गाव आहे का? नसेल तर पुढे जाऊ नका.

## २. दोनदा चाला: नोव्हेंबरात आणि मे महिन्यात

एकाच फेरीत नदी कळत नाही. दिवाळीनंतर पाणी कुठे वाहते आहे, कुठून पाझरते आहे ते दिसते. मे महिन्यात डोह कुठे टिकलाय, उपसा कोण करतंय, कुठले सांडपाणी थेट पात्रात येतंय ते उघडे पडते. उन्हाळ्यात फक्त गटारच वाहत असते आणि लांबून तेच नदीचे पाणी वाटते.

चालताना बरोबर कोण असावे, हे नोंदवहीपेक्षा महत्त्वाचे आहे. तरुण कार्यकर्ते मोबाईलवर फोटो छान काढतात, पण डोहाची नावे, जुने झरे, पूर कुठल्या पायरीपर्यंत आला होता हे सांगणारी माणसे वेगळी असतात. भोई किंवा कोळी समाजातला मासेमार, दरवर्षी त्या वाटेने मेंढरे नेणारा धनगर, नदीवर धुणे धुणाऱ्या बाया, पाटाचे पाणी सोडणारा पाटकरी, जुना विहीर खोदणारा. यांना सभेला बोलावले तर येतील आणि कोपऱ्यात गप्प बसतील. काठाने चालताना हीच माणसे मोकळी बोलतात.

वहीत या गोष्टी लिहा: प्रत्येक डोह (नाव, मे महिन्यातली खोली), जिवंत झरा, बंधारा (कुणी बांधला, बरगे म्हणजे पाणी अडवायच्या काढता-घालता येणाऱ्या फळ्या आहेत की चोरीला गेल्या, फुटलाय का), उपसा पंप, सांडपाणी सोडणारा प्रत्येक नाला, कचऱ्याचा ढीग, स्मशानघाट, वीटभट्टी, वाळू उचलल्याचे खड्डे, कोसळणारा काठ, जुनी झाडे. सगळ्या जागा मोबाईलच्या जीपीएसवर घ्या.

आता मोजणी. चार मोजण्या पुरतात, पण त्या दरवर्षी त्याच जागी आणि त्याच आठवड्यात झाल्या पाहिजेत.

प्रवाह. पात्र सरळ आणि सारख्या रुंदीचे आहे अशी जागा शोधा. काठावर दहा मीटर अंतराने दोन खुंट्या ठोका. पाण्याची रुंदी टेपने घ्या. आडव्या दोरीवर सारख्या अंतराने पाच ठिकाणी काठी बुडवून खोली घ्या आणि सरासरी काढा. मग वरच्या खुंटीच्या थोडे वर एक संत्रे सोडा. चेंडू सोडू नका, तो वाऱ्याने पळतो. संत्रे बरेचसे बुडून तरंगते, म्हणून पाण्याच्या वेगानेच जाते. दहा मीटरला किती सेकंद लागले ते तीनदा मोजा. समजा रुंदी ४ मीटर, सरासरी खोली ०.३ मीटर आणि वेळ २५ सेकंद. वेग सेकंदाला ०.४ मीटर. ४ × ०.३ × ०.४ = ०.४८. वरचे पाणी तळाच्या पाण्यापेक्षा जोरात जाते, म्हणून याला ०.८५ ने गुणा. उत्तर साधारण ०.४, म्हणजे सेकंदाला ४०० लिटर. दर पंधरा दिवसांनी हे करत राहिलात आणि प्रवाह कोणत्या आठवड्यात थांबला ते टिपले, की तीन वर्षांनी काम उपयोगी पडले की नाही हे भाषणाशिवाय सांगता येते.

विहिरी. दर गावात दोन काठाजवळच्या आणि दोन काठापासून लांबच्या. भूजल यंत्रणा आपल्या निरीक्षण विहिरी जानेवारी, मार्च, मे आणि ऑक्टोबरमध्ये मोजते. तुम्हीही तेच महिने धरा, म्हणजे आकडे ताडून पाहता येतील. मोजणी सकाळी, पंप चालू होण्याआधी करा.

पाऊस. प्रत्येक दोन-तीन गावांत एक पर्जन्यमापक शाळेच्या मोकळ्या आवारात ठेवा. झाडाखाली किंवा गच्चीच्या कठड्यालगत बसवलेला मापक खोटे बोलतो. तालुक्याच्या ठिकाणचा आकडा तुमच्या डोंगराला लागू पडतोच असे नाही.

पाण्याचा दर्जा. जलजीवन मिशनचे तपासणी किट बऱ्याच ग्रामपंचायतींत पडून असते, सामू (पीएच) आणि नायट्रेटची चाचणी त्यावर होते. जैवरासायनिक प्राणवायूच्या मागणीसाठी, म्हणजे बीओडीसाठी (घाण कुजताना पाण्यातला किती प्राणवायू खाते त्याचे माप), नमुना बर्फात ठेवून त्याच दिवशी प्रयोगशाळेत पोहोचवा. आंघोळीयोग्य पाण्यासाठी बीओडी लिटरला ३ मिलिग्रॅमच्या आत आणि विरघळलेला प्राणवायू ५ मिलिग्रॅमच्या वर हवा. हे दोनच आकडे लक्षात ठेवा.

> थांबा. या वर्षी खोदकामाची कितीही घाई झाली तरी मोजणीचा एक पूर्ण हंगाम झाल्याशिवाय यंत्र लावू नका. आधीची नोंद नसेल तर नंतरचा कुठलाही दावा फोल.

## ३. गावांची समिती आणि ठराव

साऱ्या कामाचा कणा हाच टप्पा आहे आणि तोच सगळ्यात घाईने उरकला जातो. चहा, हार, फोटो, व्हॉट्सअप ग्रुप, झाली समिती. पहिला कोरडा मार्च आला की ग्रुपवर शिव्या सुरू.

गावांमधला खरा वाद नेहमी तोच असतो: वरचे गाव अडवते, खालचे गाव ओरडते. वरच्यांना वाटते, आमच्या माळावर चर खणून फायदा खालच्यांचा. खालच्यांना वाटते, बंधारे बांधून वरचे आमचे पाणी तोडणार. दोन्ही शंका खऱ्या आहेत आणि दोन्हींना आकड्यांनी उत्तर द्यावे लागते. माळावर मुरवलेल्या पाण्याने आधी वरच्याच गावच्या विहिरी उचलतात, हे विहिरींच्या नोंदीतून दाखवा. खालच्या गावाला बंधाऱ्यांची संख्या, साठवण आणि बरगे टाकायची तारीख लेखी द्या.

राजस्थानात अलवर जिल्ह्यात अरवरी नदीवर १९८६ पासून गावांनी जोहड, म्हणजे पाणी अडवणारी मातीची तळी, बांधले. पुढे पाणी आले, मासे आले आणि मासेमारीच्या ठेक्यावरून वाद पेटला. १९९९ साली ७० गावांनी मिळून ‘अरवरी संसद’ उभी केली ती त्यानंतर. म्हणजे पाणी नसते तेव्हाची एकी सोपी असते. नियम पाणी आल्यानंतरच्या दिवसांसाठी करायचे असतात आणि ते आधीच केलेले बरे.

प्रतिनिधी नेमताना सरपंचालाच पाठवायचा मोह टाळा. सरपंच बदलतो, गट बदलतो, नवीन माणूस जुन्याने सही केलेल्या कागदावर पाय देतो. म्हणून ठराव ग्रामसभेचा हवा, मासिक सभेचा नको. २६ जानेवारी, १ मे, १५ ऑगस्ट, २ ऑक्टोबर या नेहमीच्या ग्रामसभांपैकी एक पकडा आणि सगळ्या गावांत एकाच मजकुराचा ठराव घ्या. मजकूर साधारण असा चालेल:

> “मौजे ______ ची ग्रामसभा असा ठराव करते की, ______ नदीच्या पाणलोटातील सर्व गावांच्या नदी समितीवर आमच्या गावातर्फे पाच प्रतिनिधी राहतील. त्यांपैकी किमान दोन महिला व एक व्यक्ती भूमिहीन, मेंढपाळ अथवा मासेमार कुटुंबातील असेल. नदीपात्रातील कोणतेही खोदकाम, नवीन बंधारा, गाळ-मुरूम उचल याबाबत लगतच्या वरच्या व खालच्या गावांची लेखी संमती असल्याशिवाय आमची ग्रामपंचायत ना हरकत दाखला देणार नाही. बंधाऱ्यांचे बरगे टाकण्याची व काढण्याची तारीख समिती ठरवेल व ती आम्हांस मान्य राहील.”

दुसरे वाक्य कितीही आग्रह झाला तरी गाळू नका. त्यावरून सभेत आवाज चढतील. चढू द्या.

पैशाचा हिशेब समितीच्या स्वतंत्र बँक खात्यात, तीन गावांच्या तीन सह्यांनी. देणगीदाराने थेट यंत्राच्या मालकाला पैसे दिले तर यंत्र देणगीदाराचे ऐकते. साखर कारखाना, दूध संघ, पतसंस्था यांना भागीदार म्हणून जरूर घ्या, पण कुठे खणायचे हे ठरवायचा हक्क पैशाबरोबर विकू नका. कारखान्याचेच सांडपाणी नदीला येत असेल तर देणगी घेण्याआधी तो विषय इतिवृत्तात नोंदवा.

तपासा: सगळ्या गावांचे ठराव हातात आहेत का, की दोन “पुढच्या सभेत घेतो” म्हणून राहिलेत? राहिलेली गावे बहुतेक उगमाकडची असतात. तिथे तुम्ही जा, त्यांना तालुक्याला बोलावू नका.

## ४. कागद

कंटाळवाणे काम, पण टाळले तर मधेच काम बंद पडते.

नदीचे पात्र सरकारच्या मालकीचे असते, पण पात्राची हद्द काठावरच्या शेतकऱ्याला मान्य असेलच असे नाही. नदीने वळण बदललेले असते, कुणी पाणी ओसरल्यावर गाळात पेरणी, म्हणजे गाळपेर, करता करता कायमचा बांध घातलेला असतो. गाव नकाशा आणि गट नंबर काढून भूमी अभिलेख कार्यालयाकडून वादाच्या जागांची तरी मोजणी करून घ्या. अतिक्रमणाची यादी सभेत वाचून दाखवू नका. त्या त्या घरी दोन वडीलधारी माणसे पाठवली तर अर्धी प्रकरणे तिथेच मिटतात.

कोणता बंधारा कुणाचा हे विचारून घ्या: जिल्हा परिषद, मृद व जलसंधारण, की जलसंपदा. माळ वन विभागाचा असेल तर चर खणण्याआधी त्यांची परवानगी, आणि संयुक्त वन व्यवस्थापन समिती असेल तर तिचा ठराव. सामूहिक वनहक्क मिळालेल्या गावांत ग्रामसभा हीच मुख्य भागीदार.

पात्रातून काहीही उचलायचे तर तहसीलदारांची लेखी परवानगी घ्या. वाळू आणि मुरूम गौण खनिजात मोडतात.

> सावध. “गाळ काढतो” म्हणून आलेला माणूस फुकट काम करायला तयार असेल तर त्याचा डोळा वाळूवर असतो. वाळूचा थर हीच कोरड्या नदीची पाण्याची कोठी. तो गेला की काठच्या विहिरी खाली जातात. पात्राबाहेर जाणाऱ्या प्रत्येक ट्रॉलीची नोंद समितीच्या माणसाने करावी: वेळ, नंबर, आत काय होते.

## ५. घाण आधी थांबवा

पाणी वाढवण्याआधी हे का? कारण बंधाऱ्यात अडवलेले सांडपाणी विहिरींत मुरते आणि साठलेल्या घाण पाण्यावर दोन हंगामांत जलपर्णी पसरते. मग जलपर्णी काढायला वेगळी वर्गणी.

गणित करून बघा. दोन हजार वस्तीचे गाव, माणशी ५५ लिटर पाणी, त्यातले साधारण ८० टक्के सांडपाणी होते. म्हणजे रोज ८८ हजार लिटर. नळयोजना आल्यापासून गावे हे पाणी सिमेंटच्या गटाराने एकत्र करून थेट ओढ्यात सोडतात. गाव स्वच्छ, नदी काळी.

जागच्या जागी मुरवता येईल तेवढे मुरवा. घराघरात शोषखड्डा, जागा नसेल तिथे दहा-बारा घरांचा सामूहिक पाझर खड्डा. उरलेल्या पाण्यासाठी गावाच्या टोकाला, नदीला मिळण्याआधी, सांडपाणी थांबवून निवळवणारे स्थिरीकरण तळे आणि त्यापुढे केळी किंवा कर्दळीचा पट्टा. वित्त आयोगाच्या बंधित (ठरावीक कामांसाठीच राखलेल्या) निधीत आणि स्वच्छ भारत मिशनमध्ये ही कामे बसतात. ग्रामपंचायतीच्या विकास आराखड्यात ती आधी नोंदलेली हवीत एवढेच.

नेहमीच्या तीन चुका. काळ्या चिकण मातीत उथळ शोषखड्डा घेणे: तो महिन्यात तुंबतो, मुरूम लागेपर्यंत खाली गेलेच पाहिजे. विहीर किंवा हातपंपापासून पंधरा मीटरच्या आत खड्डा घेणे. आणि साबण-तेलाचा साका अडवणारी छोटी जाळीची टाकी न बसवणे. तिसरी चूक सगळ्यात स्वस्तात टळते आणि सगळ्यात जास्त वेळा होते.

शौचालयाच्या टाकीचे पाणी गटाराला जोडलेले असेल तर ते वेगळे प्रकरण. ते घरातल्या सांडपाण्याच्या शोषखड्ड्यात सोडून चालत नाही. दोन खड्ड्यांच्या शौचालयाकडे वळवा.

## ६. माथ्यापासून खाली या

माथा ते पायथा हे शब्द आता सगळ्यांना पाठ आहेत. प्रत्यक्षात मात्र काम रस्त्याजवळ होते, कारण पाहुण्यांना गाडीतून दिसते.

सगळ्यात वरच्या धारेपासून सुरुवात करा. सलग समतल चर साधारण ६० सेंटिमीटर रुंद आणि ३० सेंटिमीटर खोल, माती उताराच्या खालच्या बाजूला. समपातळी रेषा ए-फ्रेमने (ओळंबा लावलेली ‘ए’ आकाराची चौकट) किंवा हायड्रोमार्करने (पाण्याच्या नळीचे पातळीमापक) आखा, नजरेने कधीही नाही. वरचा एक चर तिरका गेला की पाणी एका टोकाला धावते, चर फुटतो आणि खालची सगळी रांग घेऊन जातो. खणून झाल्यावर चरात पखालभर पाणी ओतून बघा, ते जागेवर थांबले पाहिजे.

चांगले गवत असलेला माळ खणू नका. मुळांनी बांधलेली जमीन चरापेक्षा चांगले काम करते. तिथे फक्त चराई थांबवायची असते आणि ती धनगरांना न विचारता थांबत नाही. माळाचे तीन-चार भाग करून दर वर्षी एक बंद, बाकीचे खुले, अशी पाळी ठरवा. मेंढरांची वाट नकाशावर आधी दाखवा.

चरांच्या खाली घळीत अनगड दगडांचे छोटे बांध. दगड आजूबाजूचेच, पण माळावरचा रोवलेला दगड उपटू नका, त्याच्या जागी नवी घळ पडते. त्याखाली गॅबियन, म्हणजे तारेच्या जाळीत बांधलेल्या दगडांचे बांध, मग शेतांची बांधबंदिस्ती, मग माती नालाबांध. शेताच्या बांधाला जादा पाणी जाण्यासाठी सांडवा ठेवा आणि त्याला दगडांचे पिचिंग (अस्तर) करून द्या. सांडवा नसलेला बांध पहिल्या मोठ्या पावसात फुटतो आणि शेजाऱ्यांचे नाते घेऊन जातो.

ही कामे डिसेंबर ते मे. रोजगार हमीतून बरीच होतात, मात्र ती वार्षिक आराखड्यात असायला हवीत आणि त्याची ग्रामसभा साधारण २ ऑक्टोबरच्या सुमारास होते. ती हुकली की वर्ष गेले.

तपासा: पहिल्या जोरदार पावसात छत्री घेऊन ओढ्यावर जा. माळावरून येणारे पाणी गढूळ आहे की निवळ? अजून गढूळ असेल तर पात्रात हात घालायची वेळ आलेली नाही.

## ७. आता पात्र, आणि तेही हातचे राखून

बहुतेक लोक लेखाच्या याच भागाची वाट पाहत असतात, म्हणून आधी नकार सांगतो.

मूळ नदीपात्राचे सरसकट खोलीकरण-रुंदीकरण करू नका. खोलीकरण करायचेच तर नाल्यावर, जिथे गाळ साचून पात्र उथळ झाले आहे तिथे, आणि जुन्या तळापर्यंतच. तीन मीटरच्या पुढे कुठेही नाही. खाली काळा पाषाण लागला की थांबा. खडक फोडला तर पाणी साठत नाही, उलट बाजूच्या शेतातला मुरमातला ओलावा खेचून पात्रात येतो आणि वाहून जातो. विहिरी आधी भरल्यासारख्या वाटतात, मार्चमध्ये लवकर तळ गाठतात.

सलग खंदक कधीच नको. अधेमधे नैसर्गिक तळ तसाच सोडा, म्हणजे पाणी टप्प्याटप्प्याने थांबते. डोह, खळगे, पात्रातली बेटे, वळणे जशीच्या तशी ठेवा. काठ यंत्राने छाटून सरळ भिंत केली की तो पुढच्या पुरात कोसळतो. ज्यात मे महिन्यात पाणी टिकते त्या डोहात यंत्र उतरवायचेच नाही, नदीतली सगळी बीजमासळी तिथे जगते. महाड तालुक्यात काळ नदीवरच्या वाळण कोंडीत देवीचे मासे म्हणून महाशीर टिकला. तुमच्याही नदीत असा एखादा देवाचा डोह असेल, तो समितीच्या ठरावाने राखीव करा.

निघालेला गाळ काठावर रचू नका, पूररेषेच्या बाहेर न्या. शेतकऱ्यांनी स्वखर्चाने उचलायचा असेल तर नावांची यादी यंत्र येण्याआधी हवी. गाळ आणि मुरूम यांतला फरक शेतातच दाखवा. मूठभर ओला करून वळा: वेटोळे झाले तर गाळ, फुटले तर शेतात टाकू नका.

लातूरला २०१६ च्या उन्हाळ्यात मिरजेहून रेल्वेने पाणी आणावे लागले आणि लोकांनी वर्गणी काढून मांजरा नदीतला गाळ काढला. त्या कामाचा दाखला नेहमी दिला जातो. शहराला पाणी देणाऱ्या बंधाऱ्यांची साठवण वाढवायची, अशी त्यामागची गरज होती. तुमच्या ओढ्याची गरज तीच आहे का, हे पाहिल्याशिवाय नक्कल करू नका.

नवा सिमेंट बंधारा सुचवण्याआधी जुने दुरुस्त करा. नोव्हेंबरच्या फेरीत नोंदलेल्या बंधाऱ्यांपैकी निम्म्यांना फक्त बरगे, रबर आणि थोडे सिमेंट लागते. त्यात भूमिपूजन होत नाही, ही अडचण खरी आहे.

वनराई बंधारे सप्टेंबरअखेर ते ऑक्टोबरमध्ये, प्रवाह कमी झाल्यावर, सिमेंटच्या रिकाम्या गोण्यांत माती-वाळू भरून घाला. पण मे महिन्यात त्या गोण्या काढा. न काढलेल्या गोण्यांचे फाटके प्लास्टिक पुढच्या पुरात खालच्या गावच्या झाडांना लटकते.

## ८. काठ

आधी काढायचे काय ते: जलपर्णी, बेशरम, वेडी बाभूळ. जलपर्णी पावसाळ्याआधी बी धरण्यापूर्वी काढा, काठावर न ठेवता पाण्यापासून दूर खड्ड्यात कुजवा. बेशरम तोडून पाण्याकाठी टाकली तर प्रत्येक तुकडा रुजतो.

लावायचे काय हे जुन्या काठाला विचारा. पाण्यालगत लव्हाळे, वाळा, शेरणी, वाळुंज. त्यावर निर्गुडी, करंज, पाणजांभूळ. वरच्या पट्ट्यात जांभूळ, उंबर, अर्जुन. लागवड जून-जुलैमध्ये, पण रोपवाटिका आदल्या वर्षीच्या उन्हाळ्यात सुरू करायची. करंजाचे बी त्याच सुमारास मिळते. एका रांगेत अंतर मोजून लावलेल्या झाडांचे फोटो छान येतात. काठ मात्र घोळक्याने वाढलेल्या झुडपांनी धरला जातो. पूरवाहनाच्या जागेत, म्हणजे निळ्या पूररेषेच्या आत, मोठ्या झाडांची भिंत उभी करू नका आणि घाट, बाकडी, रंगीत फरशी यांवर पैसा घालू नका.

## ९. पाणी आल्यानंतर

ऑक्टोबरच्या पहिल्या पंधरवड्यात सगळ्या गावांची एक बैठक. समोर पाऊस, विहिरींची पातळी, बंधाऱ्यांची साठवण. १ मिलिमीटर पाऊस १ हेक्टरवर पडला की १० हजार लिटर पाणी होते. १,००० हेक्टरच्या शिवारावर ६०० मिलिमीटर म्हणजे ६० लाख घनमीटर. त्यातले बाष्प होऊन जाणारे आणि वाहून जाणारे वजा केल्यावर राहते ते बरेच कमी असते. त्यातून आधी माणसांचे आणि जनावरांचे जूनअखेरपर्यंतचे पाणी बाजूला काढा, मग डोहांचे, मग रब्बीचे. पाटाने भिजवलेला एक हेक्टर ऊस वर्षाला २० ते २५ हजार घनमीटर पितो, रब्बी ज्वारीचे साधारण त्याच्या पाचव्या हिश्शात भागते. हिवरे बाजारने दरवर्षी असा ताळेबंद मांडून पिके ठरवली आणि शेतीसाठी बोअरला बंदी घातली. एका गावाला ते जमले. दहा गावांना जमवायचे तर ज्यांचे पंप मोठे आहेत त्यांच्याशी बैठकीआधी बोलणे झालेले हवे, बैठकीत ते होत नाही.

राज्याच्या २००९ च्या भूजल कायद्यात शेतीसाठी ६० मीटरपेक्षा खोल विहीर किंवा बोअर घ्यायला मनाई आहे. हा नियम ग्रामसभेत वाचून दाखवा. बऱ्याच जणांना तो माहीतच नसतो आणि बोअरची गाडी रात्रीच का येते हेही मग कळते.

बरगे टाकायचे ते परतीचा पाऊस ओसरल्यावर, वरच्या गावापासून खालीपर्यंत एकाच दिवशी नको. आधी खालचे बंधारे भरू द्या, मग क्रमाने वरचे, म्हणजे “वरच्यांनी अडवले” ही तक्रार उठत नाही. पाऊस अचानक वाढला तर बरगे रात्रीही काढावे लागतात, तेव्हा प्रत्येक बंधाऱ्यावर दोन माणसांची नावे आणि फोन नंबर रंगवून ठेवा. मे अखेरीस सगळे बरगे बाहेर. पहिल्या पुराबरोबर चढणीचे मासे वर येतात, त्यांना वाट मोकळी हवी.

काढलेले बरगे मोजून, क्रमांक टाकून, कुलपात. किल्ली एकाकडे नको: एक बंधाऱ्याच्या गावात, दुसरी लगतच्या खालच्या गावात.